हे दगड कोणाला दाखवायचे होते?

दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या पश्चिमेला डोंगरांचा एक पुंजका आहे. त्यातल्या एका डोंगराचा माथा माणसांनी तासून, खड्ड्यांत भराव घालून सपाट केला आणि त्यावर राजधानी बांधली. इसवीसनपूर्व ५०० च्या सुमारास हे काम सुरू झाले आणि पुढची बारा-तेराशे वर्षे या ना त्या रूपात चालूच राहिले. बांधणारे झापोटेक. जागेचे आजचे नाव मॉन्ते आल्बान, ते स्पॅनिश अमलात रुळले. १९८७ मध्ये युनेस्कोने वाहाका शहरासह ही जागा जागतिक वारसा यादीत घातली. आता इथे येणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी दक्षिणेकडच्या उंच चौथऱ्यावर चढतो आणि तिथून एक ठरलेला फोटो काढतो: खाली सुमारे तीनशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद हिरवागार चौक, कडेने पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती, पलीकडे निळसर डोंगर.

फोटो झकास येतो आणि दिशाभूल करतो. ही हिरवळ त्या काळी नव्हतीच. चौकाच्या जमिनीला चुन्याचा पांढरा गिलावा होता. इमारतीही आजच्यासारख्या उघड्या दगडाच्या नव्हत्या. त्यांच्यावर गिलावा होता आणि त्यावर बहुतांश ठिकाणी लाल रंग. माथ्यावरच्या प्रखर उन्हात हा पांढरा-लाल पसारा डोळ्यांना निवांत वाटण्याची शक्यता कमीच. निवांतपणा हा अवशेषांचा गुण आहे, राजधानीचा नव्हे.

आणखी एक गोष्ट फोटोत येत नाही. इथल्या इमारतींच्या अंगावर, पायथ्याशी, कोपऱ्यांत, काही वेळा तर पोटात कोरीव दगड बसवलेले आहेत. मार्गदर्शक त्यांच्यासमोर गट उभे करतात आणि एकच प्रश्न घोळवतात: या चित्रांचा अर्थ काय? प्रश्न रास्त आहे, पण पहिला नाही. ही शिल्पे ज्याने कोरवून घेतली त्याला ती कोणाला दाखवायची होती, हे आधी विचारले पाहिजे. काही दगड साऱ्या गावाला दिसावेत म्हणून उभे केले होते, काही मोजक्या माणसांनाच दिसावेत म्हणून, आणि काहींची कोरलेली बाजू कोणालाच दिसणार नाही अशी लावली होती. मॉन्ते आल्बानचे सगळे राजकारण या फरकात आहे. आजची मांडणी मात्र नेमका तोच फरक पुसून टाकते, आणि तक्रार आहे ती याबद्दल.

आधी जागेची निवड पाहू. वाहाकाचे खोरे तीन फाट्यांचे आहे: वायव्येला एत्ला, पूर्वेला त्लाकोलुला, दक्षिणेला मोठे खोरे. तिन्ही जिथे मिळतात तिथे हा डोंगर सुमारे चारशे मीटर उभा आहे. वर पाण्याची बोंब, शेतीला जमीन नाही, प्रत्येक घागर आणि मक्याचे प्रत्येक पोते खालून चढवायचे. गाडी ओढायला जनावर नाही, ओझे वाहायला चाक नाही. ज्याला सुखाने राहायचे आहे तो इथे घर बांधणार नाही. पण ज्याला तिन्ही फाट्यांवर नजर ठेवायची आहे आणि तिन्ही फाट्यांतून आपण दिसायला हवे आहे, त्याला दुसरी जागा नाही. या वसाहतीच्या आधी खोऱ्यातले सर्वांत मोठे गाव एत्ला फाट्यातले सान होसे मोगोते होते. मॉन्ते आल्बान वसू लागले त्याच सुमारास ते बरेचसे ओस पडले. माणसे उठून डोंगरावर आली असावीत, असे केंट फ्लॅनरी आणि जॉइस मार्कस या पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे. डोंगराच्या उत्तर आणि पश्चिम उतारांवर पुढे संरक्षक भिंत उभी राहिली, म्हणजे हवा काही शांततेची नव्हती.

माथा सपाट करतानाही एक अडचण होती. मधोमध खडकाचे उंचवटे वर आलेले होते आणि ते काढणे सोपे नव्हते. कारागिरांनी ते काढलेच नाहीत. खडक गाभ्यात ठेवून त्यांनी त्यावरच इमारती रचल्या. चौकाच्या मध्यावर जी इमारतींची सलग रांग दिसते तिच्या पोटात हा डोंगराचा मूळ खडक आहे. पश्चिमेच्या अंगाला दोन जुळ्या वाटाव्यात अशा वास्तू बांधल्या आणि समोरचा अंगण-चौथरा असा बेतला की वाकडातिकडा डोंगर डोळ्याला काटकोनात वाटावा. बांधणीची पद्धत साधी: दगडमातीचा भराव, त्याला घडीव दगडाची बाहेरची कातडी, खाली उतरती भिंत आणि तिच्यावर पुढे आलेली उभी चौकट. तेओतिवाकान या दूरच्या महानगरातही अशीच जोडणी आहे, पण झापोटेकांची चौकट खाली मोकळी राहते आणि कडा एकावर एक अशा दुहेरी येतात. त्यामुळे दुपारच्या उन्हात भिंतीवर गडद सावल्यांचे पट्टे पडतात. ही इथली सही समजावी; दुसऱ्या कुठल्या शहराची वास्तू म्हणून ती खपणार नाही.

आता कोरीव दगडांकडे.

चौकाच्या नैर्ऋत्येकडे ‘एल’ नावाची इमारत आहे. तिच्या जुन्या भिंतीत एका कोपऱ्यापाशी काही शिळा अजून मूळ जागी आहेत: खाली माणसाच्या उंचीच्या उभ्या शिळांची रांग, वर आडव्या लहान शिळा. एका उभ्या शिळेवर उघडानागडा पुरुष आहे. गुडघे वाकलेले, एक हात लोंबता, दुसरा छातीवर आडवा. डोळा म्हणजे फक्त एक मिटलेली रेघ. ओठ जाड आणि विलग. पोटाखाली, जिथे लिंग असायला हवे तिथे, वळणावळणांची नक्षी, फुलाच्या पाकळ्यांसारखी उमललेली. कारागिराने खोल खोदकाम केलेले नाही. दगडाच्या पृष्ठभागावर बाह्यरेषा ओढून आजूबाजूचा भाग थोडासा उतरवला आहे. धातूचे हत्यार त्याच्याकडे नव्हते, दगडानेच दगड कोरला. तरीही सैल पडलेल्या मनगटाची रेषा इतकी अचूक आहे की तिच्यातली हाडे निसटल्यासारखी वाटतात.

अशा शिळा तीनशेहून अधिक सापडल्या. स्पॅनिश राजाच्या आज्ञेवरून प्राचीन अवशेषांची पाहणी करत फिरणारा गियेर्मो दुपे १८०६ मध्ये इथे आला होता आणि त्यातल्या काही शिळा त्याने पाहिल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांना नर्तक म्हणायची रीत पडली, आणि वाकडे हातपाय पाहून ती पटलीही. कोणाला ते पोहणारे वाटले. कोणी डॉक्टरी डोळ्याने पाहून त्यांच्यात रोगांची लक्षणे शोधली. ही जागा म्हणजे वैद्यकीय शाळाच, असे सांगणारे मार्गदर्शक आजही भेटतात. १९६२ मध्ये मायकेल को यांनी साधा मुद्दा मांडला: मध्य अमेरिकेच्या त्या संस्कृतींमध्ये नागवेपणा हा बेइज्जतीचा होता, कैद्यांना नागवे दाखवत, आणि मिटलेले डोळे, उघडे तोंड व पोटाखालची रक्ताची वळणे पाहता ही मारलेल्या माणसांची चित्रे आहेत. मार्कस यांनी हा धागा पुढे नेला. सान होसे मोगोतेला सापडलेल्या एका शिळेवरही असाच एक माणूस आहे, छातीतून रक्ताची नक्षी निघालेली आणि दोन पायांच्या मध्ये ‘१ भूकंप’ असे दिनदर्शिकेतले चिन्ह. ते बहुधा त्याचे नाव. शिळा दोन इमारतींमधल्या बोळात जमिनीवर आडवी होती. ये-जा करणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडणारच.

याला विरोध करणाराही वजनदार विद्वान आहे. हाविएर उर्सिद यांच्या मते हे शत्रू नसून त्याच समाजातले, वयानुसार श्रेणी असलेले पुरुष आहेत आणि ते स्वतःच्याच अंगातून रक्त काढण्याचा विधी करत आहेत. दाढीवाले वयस्कर कोण, तरुण कोण, रांगांचा क्रम काय, याची त्यांनी बारकाईने फेरजुळणी केली. महाराष्ट्रातल्या गावाच्या वेशीवर वीरगळ पाहिलेल्या वाचकाला हा वाद लगेच समजेल. वीरगळावरचा मेलेला माणूस आपला असतो, म्हणून त्याला शेंदूर लागतो. इथे पडलेला माणूस आपला की परका, यावर सगळा अर्थ उलटतो.

कोणाचे खरे? नागवेपणा आणि लोळागोळा झालेले देह पाहता को-मार्कस यांची बाजू जड वाटते. मात्र उर्सिद यांच्या मांडणीतली एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही उचलायला हवी: हे दगड सुटे पाहू नयेत, भिंत म्हणून पाहावेत. एका शिळेवर मेलेला माणूस हे चित्र आहे. तीनशे शिळांची भिंत ही जाहिरात आहे. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी तीन खोऱ्यांपैकी कुठूनही बाजाराला किंवा वेठीला वर आला, तर त्याला ती समजायला भाषांतरकार लागत नव्हता. राज्य नवे होते. नव्या राज्याला एवढा आरडाओरडा करावा लागतो.

आणि मग त्याच राज्याने ती भिंत मोडली. हा भाग माहितीफलकांवर एका ओळीत उरकला जातो, खरे तर तोच सर्वांत बोलका आहे. त्या शिळा पुढच्या काळात पायऱ्यांना, दुसऱ्या इमारतींच्या भिंतींना, भरावाला वापरल्या गेल्या. काही आडव्या झाल्या, काही उलट्या. जिंकायला आलेल्या परक्याने हे केलेले नाही. शहर भरभराटीत असताना, त्याच शहराच्या मालकांनी केले. भिंतीचे काम झाले होते. आता दाखवायचे ते दुसरेच होते.

ते दुसरे काय, हे चौकाच्या दक्षिण टोकाजवळ दिसते. ‘जे’ इमारत बाकीच्या सगळ्या इमारतींशी फटकून तिरकी उभी आहे आणि तिचा आकार बाणाच्या टोकासारखा आहे. या तिरकेपणामुळे तिला वेधशाळा म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. १९७० च्या दशकात अँथनी अवेनी आणि रॉबर्ट लिन्स्ली यांनी दाखवले की तिच्या पायऱ्यांपासून काटकोनात काढलेली रेषा समोरच्या ‘पी’ इमारतीवरून ब्रह्महृदय ताऱ्याच्या उगवतीकडे जाते. ‘पी’ इमारतीच्या पायऱ्यांखाली एक उभा झरोका आहे. सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांत त्यातून उजेड सरळ आतल्या खोलीत उतरतो. मे आणि ऑगस्टमधल्या या दिवसांना मार्गदर्शकांच्या बोलण्यात मोठा मान.

पण पर्यटक आभाळाकडे पाहतात आणि भिंतीकडे पाहायचे राहून जाते. या इमारतीच्या भिंतींत चाळीसहून अधिक शिलापट्ट आहेत आणि त्यांचा साचा जवळजवळ एकच: मधोमध डोंगराचे चिन्ह, म्हणजे स्थळ; त्याच्यावर त्या स्थळाची खूण; आणि डोंगराखाली एक मुंडके, उलटे. मुंडक्यांची शिरस्त्राणे वेगवेगळी, गालावरच्या रंगाच्या रेषा वेगवेगळ्या. काही पट्टांवर तारीखही आहे. ही जिंकलेल्या गावांची यादी आहे असे इथे उत्खनन करणारे आल्फोन्सो कासो यांनी सुचवले. मार्कस यांनी त्यातली काही स्थळे ओळखली, त्यांत कुइकातलान आहे. इथे नशीब चांगले: एल्सा रेडमंड आणि चार्ल्स स्पेन्सर यांनी कुइकातलानच्या दरीत उत्खनन केले तेव्हा ला कोयोतेरा या गावात झापोटेक ताब्याच्या काळातला कवट्यांचा मांडव मिळाला, एकसष्ट कवट्या. उर्सिद यांना मात्र उलट्या मुंडक्यांत पूर्वजही दिसतात, आणि तो पर्याय अगदीच टाकाऊ नाही. तरी दगडावरचा दावा आणि शंभरेक किलोमीटरवरच्या मातीतला पुरावा एकमेकांशी जुळतात, असे प्राचीन इतिहासात फार वेळा घडत नाही. वेधशाळा म्हणून या इमारतीचा फोटो काढणाऱ्याला हे कोणी सांगायला हवे.

फरक लक्षात घ्यावा. आधीच्या भिंतीवर माणसे होती, नावे थोडी आणि देह पुष्कळ. इथे माणूस मुंडक्यापुरता उरला आणि जागेचे नाव मोठे झाले. पाहणाराही बदलला. ही चिन्हे वाचायला थोडे तरी शिक्षण हवे. झापोटेक लिपी मध्य अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या लिप्यांपैकी एक. तिच्यातले आकडे लागतात, ठिपका म्हणजे एक आणि आडवी दांडी म्हणजे पाच, आणि २६० दिवसांच्या धार्मिक वर्षातल्या दिवसांची नावे ओळखू येतात; पूर्ण लेख अजून लागलेला नाही. म्हणजे हा दगड गर्दीला धमकावत असला तरी नीट वाचायला मिळत होता तो कारकुनांना, पुजाऱ्यांना आणि पाहुण्या सरदारांना.

तिसरा टप्पा दक्षिण चौथऱ्याचा. चौथऱ्याच्या कोपऱ्यांत उभ्या शिळा होत्या. एकीवर राजा सिंहासनावर बसलेला आहे, डोक्यावर अवाढव्य शिरपेच, अंगावर जग्वारचा वेष, हातात भाला. इतर शिळांवर हात मागे बांधलेले कैदी, आपापल्या डोंगराच्या चिन्हावर उभे केलेले. समोरून दिसते ते एवढेच: राजा आणि त्याने धरून आणलेले लोक. पण यांतल्या काही शिळांच्या कडांवरही कोरीवकाम आहे, आणि शिळा बसवल्यावर त्या कडा झाकल्या जात होत्या. तिथे काय? शस्त्राशिवाय आलेल्या पाहुण्यांची मिरवणूक, तेओतिवाकानच्या पद्धतीचे गोंडे डोक्याला बांधलेले. शेकडो किलोमीटर दूरच्या त्या महानगराचे दूत झापोटेक राजाला भेटायला आले आहेत. बाजूला कोपऱ्यांखाली दगडी पेट्यांत शंख-शिंपले आणि जेडचे मणी पुरून ठेवलेले.

हे लपवायचे कशाला? मार्कस यांच्या मते राजाच्या गादीवर बसण्याच्या सोहळ्याला मोठ्या शेजाऱ्याचा पाठिंबा होता. प्रजेला दाखवायचे ते पराक्रम, देवापूर्वजांना कळवायची ती मैत्री. उर्सिद म्हणतात, शिळा मुळात दुसऱ्या एखाद्या वास्तूच्या होत्या आणि तिथून काढून इथे आणल्या, म्हणून कडा झाकल्या गेल्या. दोघांपैकी कोणीही बरोबर असो, प्रजेसमोर कैदी आले आणि परराष्ट्र व्यवहार भिंतीच्या आत राहिला. तो व्यवहार खराच होता. तेओतिवाकान शहरात झापोटेकांची स्वतंत्र पेठ होती, तिथे त्यांच्या धर्तीची थडगी आणि मातीच्या मूर्ती निघाल्या आहेत.

चौकाचेही तेच झाले. सुरुवातीला तिन्ही खोऱ्यांची माणसे मावतील अशा या जागेभोवती इमारती वाढत गेल्या तशा वाटा अरुंद झाल्या. उत्तरेकडच्या प्रचंड चौथऱ्यावर रुंद जिना चढून गेले की बारा जाडजूड खांबांची ओसरी लागते, तिच्यापलीकडे खोल अंगण, आणि त्याच्या भोवती राज्यकर्त्यांचे वाडे-देवळे. आज जिना सगळ्यांना खुला आहे, म्हणून तो स्वागताचा वाटतो. खांबांच्या जागा पाहिल्या की तो अडवण्यासाठी होता हे कळते. ईशान्येच्या चेंडूच्या मैदानाबाबतही असाच घोळ. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या पाहून लोक प्रेक्षकांच्या बाकांसारखे बसतात आणि फोटो काढतात. वस्तुतः त्यांच्यावर गिलावा देऊन गुळगुळीत उतार केलेला होता आणि चेंडू त्यावरून घरंगळत यायचा. बसायची सोय नव्हतीच.

शेवटच्या शतकांत कोरीव दगड चौकातून जवळजवळ निघून जातो आणि थडग्यांत शिरतो. झापोटेक श्रीमंत आपले मृत घराच्या अंगणाखाली ठेवत आणि पिढ्यान्‌पिढ्या ते थडगे पुन्हा उघडत. १०४ क्रमांकाच्या थडग्याच्या दारावर कोनाड्यात मातीची बसलेली मूर्ती आहे आणि आत भिंतींवर रंगीत चित्रे. इसवीसन ६०० नंतरच्या काळात खोऱ्यात छोटे शिलापट्ट मिळू लागतात. त्यांवर ना कैदी, ना मुंडके. एक पुरुष आणि एक स्त्री समोरासमोर बसलेली, दोघांची नावे, वरून आभाळाच्या जबड्यातून उतरणारा एखादा पूर्वज. कोण कोणाचा मुलगा, कोणाची सोयरीक कुठल्या घराण्यात. राज्याचा दरारा ओसरत होता तेव्हा वंशावळीला महत्त्व आले, आणि ती पाहायला गाव जमवण्याची गरज नव्हती. वारसाहक्कावर हरकत घेऊ शकणारे चार नातेवाईक पुरत. तीनशे शिळांच्या भिंतीपासून हातभर रुंदीच्या पट्टापर्यंतचा हा प्रवास म्हणजे या नगराचा इतिहास. आठव्या-नवव्या शतकात माथा ओस पडला.

या सगळ्यावर १९३२ च्या जानेवारीत एक झाकण पडले, सोन्याचे. कासो यांनी ७ क्रमांकाचे थडगे उघडले आणि चारशेहून अधिक वस्तू बाहेर आल्या: सोने, पिरोजा, मोती, अंबर, स्फटिकाचा पेला, कोरीव हाडे. थडगे झापोटेकांचे, पण ऐवज नंतरच्या मिश्टेक लोकांनी आपले मृत त्यात ठेवताना सोबत दिलेला. शारीस आणि जेफ्री मॅककॅफर्टी यांनी पुढे असेही सुचवले की त्यातली मुख्य व्यक्ती स्त्री असावी, कारण त्या कोरीव हाडांपैकी पुष्कळशी विणकामाची हत्यारे आहेत. खजिना आज वाहाकातल्या सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहे आणि गर्दी तिथेच. कासो यांच्या कामाला मात्र केवळ खजिन्याच्या मापाने मोजू नये. १९३१ पासून पुढे अठरा हंगाम त्यांनी इग्नासिओ बेर्नाल आणि होर्हे अकोस्ता यांच्यासह इथे खणले, त्याआधी १९२८ मध्ये झापोटेक शिळांवर पुस्तक लिहिले. आज मॉन्ते आल्बानबद्दल जे काही बोलता येते ते या लोकांनी घातलेल्या पायावर.

त्यांच्याच काळात इमारती पुन्हा बांधल्या गेल्या, आणि तिथे आक्षेपाला जागा आहे. पडलेल्या भिंती उभ्या केल्या, जिने पूर्ण केले, गिलावा मात्र दिला नाही. परिणामी जे उभे राहिले ते प्राचीन काळातही कोणी पाहिले नव्हते: उघड्या दगडाचे, स्वच्छ, काटकोनी, एकाच काळातले वाटणारे शहर. हजार वर्षांत घडलेली मोडतोड, फेरवापर, वाटा बुजवणे, सगळे एका ताणात सपाट झाले. कोरीव शिळा ऊन-पावसापासून वाचवण्यासाठी स्थळावरच्या संग्रहालयात नेल्या आणि बाहेर प्रतिकृती लावल्या. वाचवल्या हे बरेच झाले. पण संग्रहालयात त्या भिंतीला टेकून एकेकट्या उभ्या आहेत, आणि एकेकट्या उभ्या राहिल्या की त्या पुन्हा नर्तक होतात. कुठली शिळा भिंतीत होती, कुठली पायरीत, कुठली भरावात उलटी, हे उत्खननाच्या नोंदींत जिथे आहे तिथे ते शिळेशेजारी ठळकपणे मांडायला काय हरकत आहे? उलटी सापडलेली एखादी प्रतिकृती चौकात उलटीच बसवावी. पर्यटक विचारतील. विचारू देत.

दुसरा प्रश्न चौकाबाहेरचा आहे आणि जास्त निकडीचा. रिचर्ड ब्लँटन यांनी १९७० च्या दशकात हा डोंगर पायी पालथा घातला तेव्हा उतारांवर दोन हजारांहून अधिक पायऱ्या-वाफे नोंदवले. शहर ऐन भरात असताना इथे वीस-पंचवीस हजार माणसे राहत, आणि बहुतेक सगळी या वाफ्यांवर: कुंभार, दगडफोडे, पाणी वाहणारे. ज्यांच्यासाठी ती भिंत उभी केली होती ते हे लोक. त्यांची घरे फोटोत नाहीत, तिकिटातही नाहीत. १९९३ मध्ये सरकारने सुमारे दोन हजार हेक्टर क्षेत्र संरक्षित म्हणून जाहीर केले, त्यात हे उतार येतात. पण वाहाका शहर वाढते आहे, खालच्या वस्त्या दरवर्षी थोड्या वर सरकतात, आणि पायासाठी खणलेला प्रत्येक खड्डा एखाद्या प्राचीन घराच्या जमिनीतून जातो. २०१७ च्या सप्टेंबरमधल्या भूकंपांत चौकातल्या काही इमारतींना तडे गेले तेव्हा आंतरराष्ट्रीय मदत आली, काम झाले. उतारावरच्या घराच्या पायात गेलेल्या जमिनीसाठी अशी मदत कोणी मागत नाही, कारण ती गेली हेच दिसत नाही.

अतिक्रमण म्हणून नुसते बोट दाखवणे सोपे आहे. त्या वस्त्यांत राहणारे पुष्कळसे लोक खेड्यांतून आलेले, गरीब; त्यांच्यात झापोटेक बोलणारेही आहेत. मेक्सिकोत आजही साडेचार लाखांहून अधिक लोक झापोटेक भाषा बोलतात. १८०६ मध्ये, दुपे या डोंगरावर आला त्याच वर्षी, वाहाकाच्या डोंगराळ भागात एका झापोटेक घरात बेनितो हुआरेस जन्मला आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे झापोटेक हे काही संपलेल्या लोकांचे नाव नाही, आणि त्यांना कुंपणाबाहेरचा धोका म्हणून वागवून उतार वाचणार नाहीत. शेजारच्या आत्सोम्पाने थोडी वेगळी वाट दाखवली आहे. मॉन्ते आल्बानचेच उपनगर असलेले ते स्थळ २०१२ मध्ये लोकांना खुले झाले. तिथे जुनी भट्टी जपली आहे आणि खालच्या गावात कुंभारकाम चालू आहे, त्यांची हिरव्या चकाकीची भांडी साऱ्या वाहाकात विकली जातात. गावाचा त्या डोंगराशी रोजचा व्यवहार आहे. मॉन्ते आल्बानच्या पायथ्याच्या वस्त्यांचा तसा कुठलाच व्यवहार नाही. त्यांच्या वाट्याला येतात ती बांधकाम थांबवण्याची नोटीस आणि वर जाणाऱ्या पर्यटक बसगाड्या. संरक्षित क्षेत्राचा आराखडा पुढच्या वेळी बदलेल तेव्हा त्या वस्त्यांतली माणसे चर्चेच्या टेबलाशी बसलेली असावीत, आणि तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा उतारावरच्या वाफ्यांच्या नोंदणीवर व राखणीवर खर्च व्हावा. राखणदार बाहेरून आणायची गरज पडू नये.